बंद पडलेली इमारत आणि पर्यावरणाची शाळा

पटसंख्येअभावी बंद झालेली दोन खोल्यांची शाळा, सोसायटीचं रिकामं गोदाम, कुलूप लागलेला दवाखाना, गिरणीची ओस शेड. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात अशी एखादी वास्तू सापडते आणि तिच्याकडे पाहून कुणीतरी म्हणतंच, ‘इथे काहीतरी चांगलं सुरू करायला हवं.’ हे ‘चांगलं’ म्हणजे पर्यावरण शिक्षणाचं केंद्र असेल, तर पुढचा प्रश्न ठरलेला: ही जुनी इमारत पाडून नवी ‘ग्रीन’ इमारत बांधणं जास्त पर्यावरणपूरक नाही का? सौर पॅनल, उजेड देणाऱ्या खिडक्या, ऊन अडवणारं छप्पर, सगळं पहिल्यापासून नीट करता येईल.

याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं आहे. का, ते आधी हिशेबाने पाहू. मग जुनी इमारत हाती घेताना काय तपासायचं आणि केंद्र उभं राहिल्यावर ते चालतं कशाच्या बळावर, याकडे वळू. त्यासाठी राजस्थान, कॅनडा आणि वेल्स इथली तीन केंद्रं पाहणार आहोत. तिन्ही केंद्रं इतरांनी सोडून दिलेल्या जागेत उभी राहिली.

१. भिंतीत गेलेला कोळसा

इमारतीला ऊर्जा दोन टप्प्यांत लागते. एकदा बांधताना: वीट भाजायला, सिमेंट आणि लोखंड तयार करायला, ते सगळं ट्रकने आणायला. आणि नंतर रोज, दिवे-पंखे चालवायला. पहिल्या टप्प्यातल्या ऊर्जेला ‘अंतर्भूत ऊर्जा’ म्हणतात. ती एकदाच खर्च होते आणि परत मिळत नाही. विजेच्या बिलात ती दिसत नाही, म्हणून आपण ती धरतही नाही.

दोन वर्गखोल्यांची साधी शाळा घेऊ. प्रत्येक खोली ६ मीटर बाय ७ मीटर, दोन्ही एकमेकींना लागून. बाहेरच्या भिंतींची लांबी ३८ मीटर, मधल्या भिंतीची ७ मीटर, एकूण ४५. उंची ३ मीटर आणि जाडी नऊ इंच, म्हणजे २३ सेंटिमीटर. गुणाकार केला की ३१ घनमीटर येतात. दारं-खिडक्यांचा पाचवा हिस्सा वगळला की साधारण २५ घनमीटर बांधकाम उरतं. एका घनमीटरला सुमारे ५०० विटा लागतात, म्हणजे झाल्या साडेबारा हजार. लाखभर विटा भाजायला ढोबळमानाने २० टन कोळसा जातो. त्या हिशेबाने या दोन खोल्यांच्या नुसत्या विटांत अडीच टन कोळसा गेलेला आहे.

हे कितीसं? औष्णिक केंद्रात एक युनिट विजेसाठी सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जळतो. अडीच टनांत साडेतीन हजार युनिटं निघतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची ही जवळजवळ तीन वर्षांची वीज झाली. यात स्लॅब, सळया आणि वाहतूक धरलेली नाही. सिमेंटचं तर आणखी वेगळं गणित आहे. ते बनवताना भट्टीला इंधन लागतंच, पण भाजली जाणारी चुनखडी स्वतःही कार्बन डायऑक्साइड सोडते. त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी हा वायू सुटणं पूर्ण थांबत नाही.

जुनी शाळा पाडून ‘ग्रीन’ शाळा बांधणं म्हणजे शिजलेला भात उकिरड्यावर टाकायचा आणि नवा भात कमी गॅसवर लावला म्हणून कौतुक करून घ्यायचं.

अर्थात सगळ्याच इमारतींना हा हिशेब लागू पडत नाही. दिवसभर एसी चालणाऱ्या कार्यालयात रोजचा खर्च इतका मोठा असतो की कधीकधी नवं बांधकाम काही वर्षांत वसूल होतं. पण चार पंखे आणि सहा दिवे असलेल्या केंद्राची रोजची वीज नगण्य असते. तिथे बांधकामाचा खर्चच मोठा. म्हणून आपल्या कामासाठी नियम सोपा आहे: इमारत सुरक्षित असेल किंवा माफक खर्चात सुरक्षित करता येत असेल, तर ती पाडू नये.

आता या ‘सुरक्षित असेल तर’कडे नीट पाहायला हवं.

२. रंगाचा डबा उघडण्याआधी

जुनी वास्तू ताब्यात आली की उत्साहाच्या भरात पहिलं काम रंगाचं काढलं जातं. ते शेवटी करावं. रंगाखाली भेगा झाकल्या जातात आणि भेगा हाच इमारतीचा खरा दस्तऐवज असतो.

एखादी भेग जुनी, थांबलेली आहे की अजून वाढते आहे, हे ओळखायला यंत्र लागत नाही. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. एक पावसाळा जाऊ द्यायचा. पट्टी शाबूत राहिली तर भेग झोपलेली आहे. तडकली तर पाया खचतो आहे किंवा छप्पर भिंतीला ढकलतं आहे, आणि आता अभियंता हवाच. गिलाव्यावर हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक करत गेलं की जिथे तो भिंतीपासून सुटला आहे तिथे आवाज बदलतो. लाकडी तुळईच्या टोकाला, म्हणजे ती भिंतीत शिरते त्या जागी, पेचकस टोचून पाहायचा. वाळवी आणि कुज नेमकी तिथेच असते, कारण ओल तिथे मुरते. हे सगळं कॉलेजातल्या मुलांकडून करून घ्यावं. केंद्राचा पहिला अभ्यासवर्ग इथेच होतो. मात्र हे घरचं निदान झालं. स्लॅब असेल, मजला असेल किंवा मुलं बसणार असतील, तर स्ट्रक्चरल ऑडिटला पर्याय नाही.

दगडी भिंतींबाबत मराठी माणसाला वेगळं सांगायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसं स्वतःच्याच घरांच्या भिंतींखाली गेली. त्या भिंती जाड होत्या, मजबूत दिसत होत्या. पण आतून त्या दोन वेगवेगळ्या भिंती होत्या: बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये दगडगोटे व माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे, आरपार जाणारे लांब दगड फारसे नव्हते. हादरा बसला तशी भिंत पोट फुटल्यासारखी दोन्ही बाजूंना उलगडली आणि वरचं माळवद, मातीच्या जाड थराचं सगळं वजन घेऊन, खाली आलं. यावर उपाय आहेत आणि ते आवाक्यातले आहेत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळईसह काँक्रीट भरायचं, खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना फिरणारा पट्टा घालायचा, माळवदावरची जादा माती उतरवायची. खर्च होतो, पण नव्या बांधकामापेक्षा खूप कमी.

दुसरी चूक बऱ्याच ठिकाणी दिसते: चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. जुन्या दगडी किंवा चिऱ्याच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्यांच्याखाली आजच्यासारखा ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून उडून जाते. शंभर वर्षं हे असंच चाललेलं असतं. मग आपण ‘मजबुतीसाठी’ वरून सिमेंट थापतो. सिमेंटमधून ओल तेवढ्या सहज बाहेर पडत नाही, ती आतच अडकते, आणखी वर चढते, भिंतीला लोणा लागतो आणि दोन-तीन वर्षांत पोपडे सुटतात. मग कंत्राटदार सांगतो की भिंतच खराब होती. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा. कळीचा चुना विरवायचा, मुरू द्यायचा, वाळूत घोटायचा; काम सावकाश चालतं आणि गवंडी शोधावा लागतो. पण सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो आणि त्यातूनच घट्ट होतो. भाजताना चुनखडीने जो वायू सोडला, त्यातला बराचसा तो असा परत घेतो.

सिमेंटचे जुने नालीदार पत्रे दिसले की हात आवरावा. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा शाबूत असेल तोवर धोका कमी, पण तो कापला, फोडला किंवा त्याला भोक पाडलं की सुटणारे तंतू फुप्फुसात जातात आणि वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. सौर पॅनल बसवायला या पत्र्यात ड्रिल चालवणं हा पर्यावरण केंद्राचा शुभारंभ होऊ शकत नाही. पत्रे बदलायचेच असतील तर अनुभवी माणसांकडून, ओले करून, अख्खे उतरवून घ्यावेत.

३. क्षयरोग्यांच्या खोल्यांत सुरू झालेलं कॉलेज

आता राजस्थानातल्या तिलोनियाकडे जाऊ. अजमेर जिल्ह्यातलं हे छोटं, कोरड्या मुलखातलं गाव. १९७२ मध्ये बंकर रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ‘सोशल वर्क अँड रिसर्च सेंटर’ सुरू केलं. पुढे ते ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणून जगभर ओळखलं गेलं. त्यांनी नवी इमारत बांधली नाही. गावाजवळ क्षयरोग्यांचं एक ओस सॅनिटोरियम पडून होतं. ते त्यांनी सरकारकडून एक रुपया नाममात्र भाड्याने घेतलं.

सॅनिटोरियम रिकामं का होतं, यामागे विज्ञानाची एक मोठी घटना आहे. एके काळी क्षयावर उपाय म्हणजे मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस आहार. त्यासाठी गावाबाहेर लांब व्हरांड्यांच्या, भरपूर खिडक्यांच्या इमारती बांधल्या जात. आपल्याकडे मिरजेजवळचं वानलेसवाडीचं सॅनिटोरियम प्रसिद्ध होतं. मग प्रभावी औषधं आली. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्रातला अभ्यास प्रसिद्ध झाला: घरी राहून नियमित औषध घेणारा रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. त्यानंतर जगभरच्या सॅनिटोरियमांना हळूहळू काम उरलं नाही. मात्र माणसाला चांगली हवा आणि उजेड मिळावा म्हणून बांधलेली वास्तू शिकण्यासाठीही उत्तमच असते. जुनी इमारत निवडताना हा निकष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ती कुठल्या कामासाठी बांधली होती? शाळा, दवाखाना, धर्मशाळा यांना केंद्राचं रूप सहज देता येतं. शीतगृहाला देता येत नाही.

तिलोनियात काम सुरू झालं ते भूजलाच्या सर्वेक्षणापासून. गावकऱ्यांची अडचण पाण्याची होती, तेव्हा केंद्राने आधी पाण्याला हात घातला. मग हातपंप दुरुस्त करायला गावातल्याच तरुणांना शिकवलं. (ज्या ‘इंडिया मार्क टू’ हातपंपाने देशातल्या असंख्य गावांना पाणी दिलं, त्याचं मूळ सोलापुरात तयार झालेल्या पंपात आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) दिवसा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा निघाल्या. रात्रशाळेला दिवा हवा, म्हणून सौरदिवे आले. दिवे बिघडणार, म्हणून ते दुरुस्त करणारी माणसं तयार झाली. पुढे आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या गावांमधून, फारशा न शिकलेल्या, बऱ्याचशा आजीच्या वयाच्या बायका इथे सहा महिने राहून सौरदिव्यांची जोडणी शिकल्या. शिकवणाऱ्यांची आणि त्यांची भाषा एक नव्हती. तारांचे रंग, खुणा आणि करून दाखवणं यांवर वर्ग चालले. जोडणी शिकायला एवढं पुरलं.

नंतर १९८६ ते १९८९ या काळात त्यांनी स्वतःचा नवा परिसर उभारला, तोही गावातल्या कारागिरांकडून. त्यातल्या उघड्या रंगमंचाखाली सुमारे चार लाख लिटरची पावसाच्या पाण्याची टाकी आहे. म्हणजे नवीन बांधायचंच नाही असा त्यांचा हट्ट नव्हता. पण पहिली चौदा वर्षं त्यांनी ओस इमारतींत काम करून काढली आणि आपल्याला नेमकं काय लागतं हे कळल्यावर मग बांधलं. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

४. छपरावरचं पाणी, छपरावरचं ऊन

चार लाख लिटर ऐकून दडपून जायला नको. आपल्या दोन खोल्यांच्या शाळेचा हिशेब करू. वळचण धरून छपराचं क्षेत्रफळ १०० चौरस मीटर धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. हे एक सूत्र पाठ केलं की बाकी सगळा गुणाकार आहे. पुण्याकडचा सरासरी ७०० मिलिमीटर पाऊस घेतला तर छपरावर पडले ७० हजार लिटर. शिंतोडे, बाष्पीभवन आणि पहिल्या सरीचं सोडून दिलेलं घाण पाणी वजा करून ५६ हजार हाती लागतात. कोकणात हाच आकडा दोन लाखांच्या घरात जातो.

किती साठवायचं? रोज ४० माणसं येतात आणि प्रत्येकी तीन लिटर पाणी लागतं असं धरलं तर रोजचे १२० लिटर. पावसाळ्यानंतरचे कोरडे दिवस २४० धरले तर २८,८०० लिटर. पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकीत ३० हजार लिटर मावतात. झाकण, डासांची जाळी आणि गाळणी हवीच, आणि पिण्याआधी पाण्याची तपासणीही. टाकीच्या आत उंचीच्या खुणा रंगवाव्यात आणि दर सोमवारी मुलांनी पातळी वहीत नोंदवावी. मार्चमध्ये तो आलेख कसा उतरतो हे पाहिलेलं मूल नळ उघडा ठेवत नाही, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दुसऱ्याने उघडा ठेवला तर ते ओरडतं.

विजेचा हिशेबही असाच. नऊ वॅटचे सहा दिवे चार तास म्हणजे २१६ वॅट-तास. ७५ वॅटचे चार साधे पंखे सहा तास म्हणजे १,८००. एक संगणक चार तास, ४००. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप तासभर, ३७५. बेरीज २,७९१, म्हणजे सुमारे पावणेतीन युनिट. आता फक्त पंखे बदला. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅट पुरतात. पंख्यांचा खर्च १,८०० वरून ७२० वर येतो आणि एकूण गरज पावणेदोन युनिटांच्या आत बसते. एक किलोवॅटचं पॅनल महाराष्ट्राच्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतं, त्यामुळे ढगाळ दिवसांनाही हात राखून उरतो. क्रम ध्यानात घ्या: आधी गरज कमी करायची, मग पॅनल मोजायचं. विक्रेता हा क्रम उलटा सांगतो.

५. टोरांटोचा वीटकारखाना: काय ठेवायचं, काय सोडायचं

टोरांटोच्या डॉन नदीच्या खोऱ्यात १८८९ मध्ये टेलर बंधूंनी विटांचा कारखाना काढला. शेजारच्या खाणीतून माती निघे आणि इथे भाजली जाई. शहरातल्या अनेक नामांकित इमारतींना इथल्याच विटा लागल्या. जवळजवळ शतकभर चालून १९८४ मध्ये तो बंद पडला. जागा बिल्डरकडे गेली, तिथे घरं उठणार होती. पण ती पूररेषेत येत होती, आणि खाणीच्या कड्यात हिमयुगांचे थर एकावर एक उघडे पडले होते, ज्यांचा अभ्यास भूशास्त्रज्ञ अनेक दशकं करत होते. लोकांनी विरोध केला आणि शेवटी जागा सार्वजनिक ताब्यात आली. खाणीत आता पाणथळ बाग आहे. शेड्समध्ये २०१० साली ‘एव्हरग्रीन’ या संस्थेने केंद्र उघडलं: शेतकऱ्यांचा आठवडी बाजार, सायकल दुरुस्ती, मुलांची बाग, स्थानिक झाडांची रोपवाटिका.

इथे शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे त्यांनी पुराला नाकारलं नाही. नदी कधीतरी आत येणार हे धरूनच रचना केली. वीज आणि महत्त्वाच्या वस्तू वर, तळाला भिजलं तरी चालेल असं. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या पूरपट्ट्यात एखादी इमारत घेणाऱ्यांनी २०१९ च्या पुराची रेषा आधी भिंतीवर आखून घ्यावी आणि तिच्याखाली काय ठेवायचं ते ठरवावं. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी सगळं चकचकीत केलं नाही. जुन्या भट्ट्या राहू दिल्या, आणि कारखाना ओस असताना पोरांनी भिंतींवर फवारलेली चित्रंही. ती पुसली असती तर कुणी हरकत घेतली नसती, पण इमारतीची मधली वर्षं कायमची गेली असती.

हेच आपल्याला अगदी लहान प्रमाणात करता येतं. केंद्रातल्या एका भिंतीचा हातभर चौकोन गिलाव्याशिवाय उघडा सोडावा. दगड, माती, चुना, त्यात अडकलेला शिंपल्याचा तुकडा किंवा भाताचा तूस, सगळं दिसू द्यावं. भिंत कशाची असते हे सांगायला त्याहून चांगला तक्ता मिळणार नाही.

कारखान्याच्या जागेबाबत मात्र एक इशारा. तेल, रंग किंवा रसायनं सांडलेल्या जमिनीत तपासणीशिवाय भाजी लावू नये. शंका असेल तर वाफे उंच करावेत आणि माती बाहेरून आणावी.

६. शिकवायचं काय?

आता सुरुवातीला मांडलेला दुसरा, जास्त अवघड प्रश्न: केंद्र चालतं कशाच्या बळावर? बहुतेक पर्यावरण केंद्रं पोस्टरांनी भरलेली असतात. ओझोनचा थर, वाघ, प्लास्टिक गिळलेलं कासव. ५ जूनला, पर्यावरण दिनी, शाळेची सहल येते, मुलं रांगेने फिरतात, बिस्किटं मिळतात आणि वर्षभर पुन्हा कुलूप. मला यात पोस्टर काढणाऱ्यांचा दोष दिसत नाही. केंद्राकडे गावाचं कुठलंही काम नसतं, हा दोष आहे.

माणसं केंद्रात पुन्हा येतात ती अडलेल्या कामासाठी. म्हणून आधी काम निवडावं, शिक्षण त्यातून आपोआप निघतं. दर रविवारी दुरुस्तीचं टेबल मांडलं आणि मिक्सर, पंखे, सायकली घेऊन लोक आले, तर कचरा, धातू, वीज हे सगळे विषय टेबलावरच येतात. अवजारांची वाचनालयासारखी देवघेव सुरू करता येते. ड्रिल मशीन घराला वर्षातून एखाद्या वेळी लागतं आणि तरी अनेक घरांत एक असतं. ओल्या कचऱ्याचं खत करायचं असेल तर मुलांना एवढंच सांगावं: एक टोपली ओलं, तर दोन टोपल्या सुका पाला. वास आला की पाला कमी पडला.

बियाण्यांसाठीही वास्तू मोठी लागत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणं बँक आपल्या घरातच उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जागा फार वाईट आहे असं वाटत असेल, तर मुंबईचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून यावं. धारावीला लागून मिठी नदीकाठी एके काळी शहराचा कचरा टाकला जाई. तिथे झाडं लावली गेली आणि १९९४ पासून तिथे मुलांना निसर्ग शिकवला जातो. कचऱ्याच्या ढिगावर जंगल उभं राहू शकतं, तर आपल्या गोदामाबद्दल रडण्यात अर्थ नाही.

७. ठराव, करार आणि विजेचं बिल

जिल्हा परिषदेची जुनी खोली वापरण्यालायक राहिली नाही असं ठरलं की तिचं ‘निर्लेखन’ होतं, म्हणजे ती दप्तरातून कमी होते, पाडली जाते आणि साहित्य लिलावात निघतं. एकदा ही कागदपत्रं पुढे सरकली की थांबवणं कठीण. म्हणून हालचाल त्याआधी करावी: ग्रामसभेचा ठराव, मालकी नेमकी कोणाची ते सांगणारा उतारा आणि वापराचा लेखी करार. तोंडी परवानगीवर एक वीटही लावू नये. सरपंच बदलतात, मुख्य कार्यकारी अधिकारी बदलतात. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. तो नोंदवावा आणि मुदत दहा वर्षांहून कमी घेऊ नये, नाहीतर छपरावर केलेला खर्च दुसऱ्याच्या खिशात जातो.

यानंतर पैसा. वेल्समध्ये माखन्लेथ गावाजवळ पाटीच्या दगडाची एक बंद खाण होती. १९७३ मध्ये जेरार्ड मॉर्गन-ग्रेनव्हिल यांनी तिथे ‘सेंटर फॉर ऑल्टर्नेटिव्ह टेक्नॉलॉजी’ सुरू केलं. सौरऊर्जा, पवनचक्की, मातीची घरं या गोष्टी लोकांना हाताळून पाहता येतील अशी युरोपातली ती अगदी सुरुवातीच्या जागांपैकी एक. टेकडीवर चढायला पाण्याच्या वजनावर चालणारी छोटी रेल्वेही उभारली गेली. तिथे हजारो लोक शिकून गेले. आणि तरीही २०२३ च्या नोव्हेंबरात वाढत्या खर्चामुळे त्यांना रोजच्या पर्यटकांसाठी दरवाजे बंद करावे लागले. अभ्यासक्रम चालू राहिले. पन्नास वर्षांच्या नामांकित संस्थेचं असं होतं, तर फीत कापून मोकळ्या झालेल्या समितीने किती आशा धरावी?

म्हणून रोजचा हिशेब आधी मांडावा. समजा देखभाल करणाऱ्याचं मानधन ८,०००, वीज-पाणी-इंटरनेट १,५००, किरकोळ दुरुस्ती १,५००, साहित्य १,०००. महिन्याचे १२ हजार झाले. शंभर कुटुंबांनी दरमहा ५० रुपये दिले तर ५ हजार येतात. रोपं आणि खत विकून ३ हजार, शाळांच्या कार्यशाळांतून ४ हजार. जमतं, पण जेमतेम. यात कौलं फेरण्याचा किंवा बॅटरी बदलण्याचा खर्च नाही. त्यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम बाजूला काढावी लागते. देणगीदार इमारतीला पैसे देतात, कारण तिच्यावर नाव कोरता येतं. झाडू मारणाऱ्याच्या पगारावर नाव कोरता येत नाही, म्हणून तो पैसा गावातूनच उभा राहिला पाहिजे.

इमारत मिळाली की पहिल्या बैठकीत भिंतीच्या रंगावर आणि कोनशिलेवरच्या नावांवर वेळ घालवू नका. किल्ली कोणाकडे राहणार आणि विजेचं बिल कोण भरणार, ही दोन नावं वहीत लिहा आणि मगच चहा मागवा.